चोरायची कोंबडी

दोब्रिनची आणि माझी ओळख एका अंड्यामुळे झाली. ऐकायला हे काही फार रोमँटिक नाही, मला ठाऊक आहे. पण ज्यांच्या ओळखी चांदण्यात आणि गुलाबाच्या मळ्यात होतात त्यांचं तरी पुढे काय मोठं भलं झालेलं दिसतं?

एप्रिल होता आणि पाऊस सकाळपासून रिपरिपत होता. सुल्तानाचा पाय सुजला होता म्हणून तिला टोपलीत घालून, वरून आजीची शाल पांघरून, मी शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे निघाले होते. सुल्ताना म्हणजे माझी कोंबडी. रंगाने तांबूस, अंगाने गुबगुबीत आणि स्वभावाने निवृत्त शाळामास्तरीण. बस आली, मी चढले, तिकिटासाठी हात पुढे केला... आणि शाल बोलली.

"कॉक."

ड्रायव्हरने आधी शालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. करडे डोळे, ओल्या कपाळावर आलेली केसांची एक बट. केस कुणीतरी अगदी वाईट कापलेले होते. मी गावात पार्लर चालवते, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते.

"आत काय आहे?"

"पाव."

"ओरडतोय तुमचा पाव."

"ताजा आहे."

त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण मागे बस भरलेली होती, बायका माना लांब करून बघत होत्या. तो वळला आणि मोठ्याने म्हणाला, "मंडळी, जरा सरकून घ्या! आज आपल्याबरोबर कोंबडीबाई दवाखान्यात निघाल्यात!" सगळी बस खो-खो हसली. माझे कान तापले. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि त्या माणसाला मनातल्या मनात जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी परतताना तोच ड्रायव्हर, तीच बस, पण आत मी एकटी. काचांवरून पाणी ओघळत होतं. तो आरशातून बघत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "पाय कसा आहे तिचा?"

"काटा रुतला होता. काढला."

"दुखलं असेल..." तो म्हणाला. "सकाळी मी जरा जास्तच बोललो. लोक होते ना... तोंडातून निघून जातं."

मला ते गोड वाटलं. लाजाळू आहे बिचारा, असं वाटलं. माणूस आवडायचा असला की आपण त्याच्यासाठी काय काय शब्द शोधून काढतो!

तेवढ्यात रस्त्यावरच्या खड्ड्यात गाडी दणकली आणि सुल्तानाने टोपलीत अंडं घातलं. घातलं ते घातलं, वर साऱ्या बसभर त्याची जाहिरात केली. दोब्रिनने गाडी कडेला घेतली आणि मागे येऊन टोपलीत डोकावला.

"गाडीत जे सापडेल ते ड्रायव्हरकडे जमा करायचं, असा नियम आहे."

"हरवलेली वस्तू असेल तर. ही हरवलेली नाही, आत्ता आलीय."

"मग तिचं तिकीट काढा. विनातिकीट चढलीय."

"तिकीट म्हणून तीच वस्तू ठेवून घ्या," मी म्हणाले आणि ते कोमट अंडं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते टोपीत ठेवलं, टोपी पुढच्या काचेपाशी ठेवली आणि गाव येईपर्यंत बस इतकी हळू चालवली की मी चालत गेले असते तरी आधी पोचले असते. उतरताना त्याने विचारलं, "नाव काय?"

"सुल्ताना."

"तिचं नाही हो..."

"नेवेना," मी म्हणाले. "आणि केस नीट कापून घ्यायचे असतील तर चर्चच्या मागचं हिरवं फाटक."

तो दुसऱ्याच दिवशी आला.

माझं पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. एक खुर्ची, एक आरसा, आणि खुर्चीखाली हिंडणारी माझी माणसं. माणसंच म्हणते मी. आई स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला गेल्यापासून घरात मी एकटी, आणि ही सगळी. एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने खुराड्याचं छप्पर बसलं, म्हणून सुल्ताना आणि तिच्या दोघी बहिणींना मी चार दिवसांसाठी स्वयंपाकघरात आणलं. त्या परत गेल्याच नाहीत. जनराल हा माझा बोका. त्याने पहिल्याच रात्री सुल्तानावर झडप घालून पाहिली आणि नाकावर असा टोचा खाल्ला की तेव्हापासून दुधाच्या वाटीलाही तिच्यामागून तोंड लावतो. मात्सा मांजरी मात्र कोंबड्यांच्या मधोमध शिरून झोपते. बालकान कुत्रा ठार बहिरा, त्यामुळे त्याचं कुणाशीच भांडण नाही. गावात म्हणतात, नेवेनाकडे केस कापायला जावं आणि केसांत पिसं घेऊन यावं. म्हणू देत. येतात तर माझ्याचकडे!

दोब्रिन खुर्चीत बसला. मी त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. बोटं मानेला लागली तशी त्याच्या अंगावर काटा आला. मी तो पाहिला, आणि मी पाहिला हे त्याने आरशात पाहिलं. दोघांनीही लगेच नजरा दुसरीकडे वळवल्या.

"फार नका कापू," तो म्हणाला.

"का? टक्कल लपवायचंय?"

"नाही... लवकर संपेल म्हणून."

कात्री माझ्या हातात क्षणभर थांबली. तेवढ्यात सुल्तानाने उडी मारली आणि ती थेट त्याच्या मांडीवर जाऊन बसली. मी तिला हाकलणार, तर त्याने कापडाखालून हात काढून तिच्या पाठीवर ठेवला. इतका हलका, जसा झोपलेल्या बाळावर ठेवतात. ती डोळे मिटून कुरकुरायला लागली.

"हिची फी वेगळी का?"

"ती कुणाच्याही मांडीवर बसत नाही," मी थाप मारली. ती तर पाद्र्याच्याही मांडीवर बसते.

त्या केसांना मी तासभर लावला.

मग जून आला, फाटकाजवळची लिंडेनची झाडं फुलली, आणि दोब्रिन रोज शेवटची फेरी संपवून माझ्या अंगणात येऊ लागला. येताना कधी चेरी, कधी खिशातून मक्याचे दाणे. चेरी माझ्यासाठी, दाणे त्यांच्यासाठी. एकदा अंधारात त्याने उलट वाटणी केली आणि मी मका चावला. मात्साला पिल्लं झाली तेव्हा सुल्ताना खुडूक होती. अंडी काढून घेतल्यामुळे तिला उबवायला काहीच नव्हतं. तिने सरळ मांजरीच्या पिल्लांवर बैठक मारली. पंखांखालून एक करडी शेपटी बाहेर, एक नाक बाहेर. मात्साही मोकळी झाली, दूध पाजायची आणि गावात उंडारायला जायची. दोब्रिन जमिनीवर पालथा पडून ते बघत राहिला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नेवेना," तो तसाच पडून म्हणाला, "या घरात आणखी एका प्राण्याला जागा आहे?"

"कसला?"

"मोठा आहे. करड्या डोळ्यांचा. बस चालवतो."

"अंडी देतो?"

"प्रयत्न करील."

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. होकार वेगळा द्यावा लागला नाही. मला त्या घडीला एकच हवं होतं, आणि ते मी त्याला स्पष्ट सांगितलं. श्रीमंती नको, शहरातला फ्लॅट नको. माझ्या स्वयंपाकघरात पालथा पडून मांजरं बघणारा जो माणूस आहे, तोच मला चौकातही हवा, कट्ट्यावरही हवा, त्याच्या बसमध्येही हवा. दोन नकोत.

"एकच आहे मी," तो म्हणाला. "उलटसुलट करून बघ हवं तर."

लग्न सप्टेंबरात ठरलं. आणि मग चोरीचा विषय निघाला.

आम्हा बल्गेरियन माणसांची लग्नं कोंबडीवाचून होत नाहीत. सकाळी नवरदेवाची मंडळी नवरीला न्यायला येतात. आत नवरीच्या डोक्यावर जाळीचा पदर चढत असताना अंगणात तिची एक कोंबडी चोरायची असते. ती भाजतात, लाह्यांच्या माळांनी नटवतात, चोचीच्या जागी सफरचंद बसवतात आणि परातीत घालून जेवणाच्या मांडवात नाचवतात. मग तिचा पहिला घास नवरा बायकोला भरवतो. कोंबडी चोरली नाही तर नवऱ्याकडची माणसं नेभळट, असं वर्षभर कट्ट्यावर ऐकावं लागतं. चोरीचा मान कूमचा. कूम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहणारा आणि मग जन्मभर डोक्यावर बसणारा माणूस. दोब्रिनचे कूम होते वेलिच्को काका, त्याच्या डेपोचे मुकादम.

"माझ्या तिघींपैकी एकीलाही कुणी हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"अगं, मला का कळत नाही? आपण एक बाजारातून आणू. चोरायची कोंबडी! आठवडाभर अंगणात राहील, लग्नादिवशी ते नेतील. तुझ्या घरातली थोडीच."

बेत फक्कड वाटला. आम्ही शनिवारच्या बाजारातून एक पांढरी, काळ्या मानेची तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आणली. तिच्याबाबतचे नियम मी तिथल्या तिथे सांगितले. स्वयंपाकघरात आणायची नाही. मांडीवर घ्यायची नाही. आणि नाव ठेवायचं नाही.

पहिल्या रात्री तिने लिंडेनच्या फांदीवर बसून थंडीत अशी काही कुरकुर केली की मला झोप येईना. दुसऱ्या दिवशी मी पार्लरमधून आत आले तर ती चुलीपाशी. मात्सा तिच्या पोटाला चिकटून झोपलेली. आणि दोब्रिन जमिनीवर बसून तिला उकडलेला बटाटा भरवत होता.

"हे काय?"

"बाहेर पाऊस होता..."

"दोब्रिन, नियम!"

"मी काही केलं नाही. लिपा आपणहून आत आली."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने जीभ चावली. आमच्याकडे लिंडेनला लिपा म्हणतात.

"नाव ठेवलंस तू तिचं..."

"निघून गेलं तोंडातून," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला. लिपाने त्याच्या बाहीवर चोच पुसली. मी कपाळावर हात मारला, पण खरं सांगते, त्या क्षणी मी त्याच्यावर जेवढं प्रेम केलं तेवढं आधी किंवा नंतर कधी केलं नाही. जिला मारायला आणली तिचं नाव ठेवणारा नवरा मला मिळत होता. आणखी काय मागायचं असतं?

आता चोरायला कोंबडी उरली नाही. मी म्हणाले, "सरळ सांग तुझ्या कूमला. म्हणावं, दुकानातून सोललेली कोंबडी आणा आणि तीच नाचवा. अंगणात नुसतं नाटक करा चोरीचं."

"सांगतो."

"हसतील तुला."

"हसू देत."

चार दिवसांनी मी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं ना."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार... हसले. म्हणाले, बायकोच्या मुठीत गेलास लग्नाआधीच. पण ठीक आहे म्हणाले." त्याने मान वर केली नाही. लिपाच्या मानेखाली खाजवत होता.

लग्नाच्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. घरोघरी अंगणात लाल मिरच्या भाजण्याचा वास, वरून माझ्या केसांत खोचलेल्या पांढऱ्या फुलांचा. आईला स्पेनहून रजा मिळाली नव्हती, म्हणून शेजारच्या स्तोयान्का मावशी माझ्या डोक्यावर पदर बसवत होत्या. बाहेर सनईसारखी झुर्ना आणि ढोल आला, फाटक वाजलं, पुरुषांची ओरड झाली, "चोर! चोर! धरा!" आणि हशा पिकला. मी कान देऊन ऐकत होते. एकही कोंबडी ओरडली नाही. पळापळ नाही, पंखांची फडफड नाही. म्हणजे नाटकच चाललंय, मी मनात म्हटलं, आणि आरशात स्वतःकडे बघून हसले. किती सुंदर दिसत होते मी!

गावच्या कचेरीत सह्या झाल्या. दोब्रिनचा हात थंड होता. मी तो दाबला, त्याने माझा दाबला नाही, वाटलं, घाबरलाय.

जेवणाचा मांडव वेलिच्को काकांच्या अंगणात, द्राक्षाच्या वेलाखाली. रकियाच्या, म्हणजे फळांच्या घरगुती दारूच्या, बाटल्या फिरत होत्या. मग ढोल बदलला आणि स्वयंपाकीणबाई परात डोक्यावर घेऊन नाचत आली. लाह्यांच्या माळा, लाल मिरच्यांचे तुरे, मध्ये सोनेरी भाजलेली कोंबडी. दुकानातली, मी स्वतःला सांगितलं. सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, मीही धरला.

वेलिच्को काका पेला घेऊन उठले. मोठा माणूस, आवाजही मोठा.

"मंडळी, मी आजवर पुष्कळ लग्नांत कोंबड्या चोरल्यात! चिखलात पडलोय, हाताला ओरबाडे घेतलेत, एकदा तर कुत्र्याने विजार फाडली. पण आजची तऱ्हाच न्यारी! मी अंगणात नुसता खाली बसलो, तर ही पांढरी आपणहून आली हो चालत! मांडीवर चढून बसली, मांजरासारखी! उचलली तर डोळे मिटून घेतले. म्हटलं, पोरी, तू कोंबडी आहेस की नवरी?"

मांडव हसून हसून लोळला.

मी दोब्रिनकडे पाहिलं. तोही हसत होता. तोंडाने. डोळे ताटात होते.

"दोब्रिन," मी हळूच म्हणाले. "ती कुठली आहे?"

"नंतर बोलू."

"आत्ता."

"नेवेना, लोक बघतायत..."

"तू सांगितलंच नव्हतंस त्यांना."

समोर परात आली होती. रीतीप्रमाणे त्याने मांसाचा एक तुकडा तोडला आणि माझ्या तोंडापाशी आणला. "घे ना," तो कुजबुजला. "एवढा एक घास. मग घरी गेल्यावर तू म्हणशील ते ऐकेन. पाया पडतो तुझ्या."

मी उठले नाही, ओरडलेही नाही. आजही मला वाटतं की त्याला वाचवायला मी जेवढं करता येईल तेवढं केलं.

"मी घेते घास," मी म्हणाले. "खरंच घेते. रागावणारही नाही. फक्त तू यांना तिचं नाव सांग."

"काय?"

"उभा राहा आणि सांग, हिचं नाव अमुक होतं. तू ठेवलेलं. बस."

ढोल थांबला होता. वेलिच्को काकांनी वाकून विचारलं, "काय म्हणतेय नवरी?"

दोब्रिन उभा राहिला. क्षणभर, एकच क्षण, मला वाटलं तो सांगणार. त्याचे ओठ तसे जुळलेही. मग त्याची नजर टेबलाभोवती फिरली... त्याची आई, डेपोतले सगळे ड्रायव्हर, शेजारपाजार. त्याने पेला उचलला.

"बायको म्हणतेय, कोंबडीचं नाव सांगा!" तो मोठ्याने म्हणाला. "आता कोंबडीला कुठे नाव असतं, मंडळी?"

आवाज मी ओळखला. पहिल्या दिवशी बसमध्ये ऐकला होता तोच.

ते हसत असतानाच मी उठले. डोक्यावरचा पदर काढून खुर्चीवर ठेवला आणि चालायला लागले. कुणी अडवलं नाही. नवरीला लाज वाटली, येईल परत, असं म्हणाले असतील. पांढरे बूट पायाला लागत होते म्हणून ते काढून हातात घेतले. दुपारची वेळ, रस्ता तापलेला. माझ्यामागे कुणी येतंय का, हे मी चर्चपर्यंत ऐकत होते.

घरी सुल्ताना आणि तिच्या बहिणी अंगणात धूळ उडवत अंघोळ करत होत्या. मात्सा चुलीपाशी बसली होती, रोजच्या जागी, पण झोपली नव्हती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि मग मात्र हंबरडा फोडला. बालकानला ऐकू येत नाही, तरी तो उठून माझ्याजवळ आला.

दोब्रिन त्या संध्याकाळी आला, दुसऱ्या दिवशी आला. मी दार उघडलं नाही. पुढे त्याने यायचं सोडलं. बस रोज माझ्या फाटकावरून जायची, सकाळी भरलेली, संध्याकाळी रिकामी. संध्याकाळी ती फाटकापाशी हळू व्हायची. मी पडद्याआडून बघायचे. प्रेम सह्यांनी सुरू होत नाही आणि कोंबडी मेली म्हणून मरतही नाही. मेलं असतं तर फार बरं झालं असतं.

नोव्हेंबरात एका दुपारी तो पायी आला. आत स्तोयान्का मावशी केसांना रंग लावून बसल्या होत्या. मी हातमोजे न काढताच फाटकापाशी गेले. तो वाळला होता. केस पुन्हा कुणीतरी वाईट कापले होते.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला. "देवाशपथ. सोमवारी डेपोत काकांपाशी गेलो, तोंडही उघडलं. पण तिथे सगळे बसले होते. म्हटलं, उद्या सांगू. मग उद्याही सगळे बसले होते."

"आणि लग्नाच्या सकाळी? तू कुठे होतास?"

"फाटकाशी. गाडीत."

"म्हणजे पाहिलंस."

त्याने फाटक धरलं आणि तो म्हणाला, "त्यांनी तिला काखेत घेतली ना... तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, नेवेना. तिला वाटलं, मी आहे म्हणजे काही भीती नाही. मला झोप येत नाही गं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. माझा हात कडीवर गेला. मी खोटं कशाला बोलू? त्याला आत घ्यावं, चुलीपाशी बसवावं, ते केस नीट करून द्यावेत, एवढंच मला हवं होतं.

"मग आता तरी म्हण," मी म्हणाले.

"लिपा," तो म्हणाला. श्वासासारखं.

"मोठ्याने."

त्याने श्वास भरून घेतला. त्याच वेळी कोपऱ्यावरून भोपळ्यांनी भरलेली हातगाडी ढकलत त्याच्या डेपोतले दोघे जण आले. त्यातला एक लांबूनच ओरडला, "काय दोब्रिन, अजून बाहेरच? बायको घरात घेत नाही वाटतं!"

दोब्रिनने बाहीने तोंड पुसलं. एक पाऊल मागे सरकला. हसला.

"यंदा थंडी लवकरच पडली म्हणायची," तो मला म्हणाला, त्यांना ऐकू जाईल असं.

मी कडी सोडली.

"हो," मी म्हणाले. "पडली."

आणि आत जाऊन स्तोयान्का मावशींचं डोकं धुतलं. वेळ झाल्यामुळे रंग हवा त्यापेक्षा बराच गडद चढला होता. त्यांनी आरशात एकदा स्वतःकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि नेहमीइतकेच पैसे आरशापाशी ठेवले.